अनुहस्त

मिरजेत माणूस आजारी पडला तर त्याला गावाबाहेर न्यावं लागत नाही. उलट अर्धं उत्तर कर्नाटक गाडी करून इथे येतं. तेव्हा मेलेल्या डॉक्टरकडून ऑपरेशन करून घ्यायला माणसं पहिल्यांदा मिरजेलाच आली, हे गावाच्या लौकिकाला धरूनच झालं.

डॉ. हृषीकेश गलगली जाऊन दोन वर्षं झाली होती. तरी त्यांचे हात गलगली रुग्णालयाच्या थिएटरमध्ये सकाळी वेळेवर हजर असत. जिवंतपणी ते इतके वक्तशीर कधीच नव्हते. हात म्हणजे छताला टांगलेले दोन बारीक, पांढरे, धातूचे बाहू. कंपनीने त्यांचं नाव ‘अनुहस्त’ ठेवलं होतं. थिएटरमधली माणसं नुसतं ‘सर’ म्हणत. सिस्टर एस्तेर कदम त्यांच्यावरचं आवरण काढताना ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणायची आणि वर पुस्ती जोडायची, ‘आज सर जरा गप्पच हायत बगा मॅडम.’

मॅडम म्हणजे डॉ. मृदुला गलगली. कान-नाक-घशाच्या सर्जन आणि हृषीची बायको. विधवा म्हणायला हवं, पण थिएटरचं दार लागलं की तो शब्द तिला लागू पडत नसे.

त्या दोघांचं काम होतं पियुषिका ग्रंथीचं. ही ग्रंथी वाटाण्याएवढी. मेंदूच्या तळाशी, बरोबर नाकाच्या पाठीमागे, हाडाच्या खोबणीत बसलेली. चीज एवढीशी, पण माणसाची उंची, बाईची पाळी, आईचं दूध, अंगातलं पाणी, सगळ्यांचे लगाम तिच्याकडे. तिथे गाठ झाली की कुणाचा जबडा आणि हातपाय वाढत सुटतात, कुणाची नजर कडेकडेने विझत जाते. फार पूर्वी त्यासाठी कवटी उघडत. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की देवाने दोन नाकपुड्या दिल्याच आहेत, तर त्या मागच्या दारानेच जाऊ या. तेव्हापासून या ऑपरेशनला दोन सर्जन लागतात. एक नाकातून वाट काढतो आणि दुर्बीण धरतो. दुसरा, म्हणजे मेंदूचा सर्जन, पडद्यावर ते चित्र पाहत गाठ खरवडून काढतो. दोघांचे चार हात आणि दोन नाकपुड्या. ‘इतकं खेटून उभं राहिल्यावर भांडता येत नाही, म्हणून आमचा संसार टिकला,’ असं हृषी म्हणायचा.

बघणाऱ्याला वाटतं, दुर्बीण धरण्यात काय मोठंसं? पण सगळा जीव तिथेच असतो. दुर्बीणवाल्याने मध्य सांभाळायचा. नाकाच्या मधल्या भिंतीचं हाड मागे होडीच्या कण्यासारखं निमुळतं होतं, त्यावरून मध्य कळतो. ग्रंथीपर्यंत पोचायला मात्र तो कणाच घासून काढावा लागतो. मग खूण म्हणून काही उरत नाही. पडद्याचा मध्य तोच माणसाचा मध्य, असं धरून सर्जनचा हात उतरतो. ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या असतात. बहुतेकांच्या ऐसपैस लांब; काहींच्या मात्र इतक्या जवळ, की मधून जेमतेम बोळ. तिथे हात घसरला तर पुढचं सांगायला नको.

अनुहस्त केला तो त्यांच्या मुलीने, रेवाने. ती पुण्याला एका कंपनीत होती. बाबांच्या शेवटच्या काही वर्षांतली सगळी ऑपरेशनं तिने टिपून घेतली: पडद्यावर काय दिसत होतं, आणि त्या क्षणी बाबांची बोटं कुठे, किती दाबाने गेली. यंत्राला नियम शिकवले नव्हते. चित्र आणि हात यांच्या जोड्या लाखोंनी दाखवल्या, आणि चित्र बघून हात कसा हलवायचा ते यंत्र आपलं आपण शिकलं. हृषी आंघोळीला जाता जाता कोसळला, तेव्हा शिकवणी नुकतीच पुरी झाली होती. चाचण्या मिरजेलाच झाल्या, मृदुलाने दुर्बीण धरून. एकही चुकली नाही.

मग अनुहस्त जिल्ह्याजिल्ह्यांत गेला. तिथे मेंदूचे सर्जन मिळत नव्हते, कान-नाक-घशाचे मिळत. कायद्याने दुर्बीण जिवंत माणसाच्याच हातात हवी होती. म्हणजे दुर्बीण तिथल्या डॉक्टरची आणि हात हृषीचा. मिरजेत एका चौकाला त्याचं नाव दिलं गेलं. रेवाला पुरस्कार मिळाले. मृदुलाला काय मिळालं? तिला रोज सकाळी तो मिळाला. क्युरेट, म्हणजे गाठ खरवडायची बारीक पळी, आत घालण्याआधी क्षणभर थबकायची त्याची सवय, गाठ सैल झाली की मनगटाला देई तो हलका झोका, सगळं जसंच्या तसं. लोकांना नवऱ्याचा फोटो पुरतो. तिला फोटोकडे बघवत नसे. तिचा नवरा थिएटरमध्ये होता.

सोलापूरहून इम्तियाज आला तो गुरुवारी.

डॉ. इम्तियाज मुजावर तिचा विद्यार्थी. सोलापूरला अनुहस्तासमोर दुर्बीण धरायचा. रुग्णालयाच्या कँटीनमध्ये तो चहा निवेपर्यंत कपाकडेच बघत राहिला.

‘बार्शीची बाई होती, मॅडम. अंगणवाडीत शिकवायची. कॅरोटिड फुटली. टेबलावरच गेली.’

‘ऐकलं मी.’

‘चौकशी लागलीय. कंपनी म्हणते, हात चुकत नाही, एवढी ऑपरेशनं झाली. मग चुकली ती दुर्बीण. माझं रजिस्ट्रेशन जाणार, मॅडम. ते जाऊ दे. पण तिचा नवरा रोज दारात येऊन बसतो. काही बोलत नाही. त्याला काय सांगू?’

‘दुर्बीण हलली होती का तुझी? खरं सांग.’

‘आईची शपथ, नाही. तुम्ही शिकवलंत तशीच धरली होती. कणा बरोबर मध्यावर, आणि मग मनगट दगडाचं.’

मृदुलाला त्याची कीव आली आणि थोडा रागही. याआधीही दोन जिल्ह्यांत अशीच दोन माणसं गेली होती. दोन्ही वेळा ‘धमन्या फार जवळ होत्या’ म्हणून फाइल मिटली होती. हृषीच्या हातावर ढकलून मोकळं होणं सोपं होतं, कारण तो उठून उत्तर देणार नव्हता.

‘उद्या थिएटरला ये,’ ती म्हणाली. ‘माझ्यामागे उभा राहा आणि बघ. कुठे चुकतं ते तुझं तुलाच कळेल.’

तो आला. टेबलावर जमखंडीचे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. मृदुलाने वाट काढली, नाकामागची हाडाची पोकळी उघडली, दुर्बीण स्थिर केली. एस्तेरने ड्रिलचं टोक बसवलं. छतावरून हात खाली उतरू लागले.

‘मॅडम,’ मागून इम्तियाज दबक्या आवाजात म्हणाला, ‘कणा उजवीकडे आहे.’

‘काय?’

‘पडद्यावर बघा. मध्यावर नाहीये. उजवीकडे गेलाय.’

एस्तेर जागीच थांबली. या थिएटरमध्ये मृदुला गलगलींना दुर्बीण कशी धरायची ते आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मृदुलाने पडद्याकडे पाहिलं. कणा खरंच उजवीकडे होता. फार नाही, विद्यार्थ्याने धरला असता तर तिने त्याच्या मनगटावर चापट मारली असती, एवढा.

तिने दुर्बीण सरळ केली. कणा मध्यावर आला. हात खाली आला, थबकला आणि उतरला तो मध्याच्या उजवीकडे. तिथलं हाड पापुद्र्यासारखं असतं, आणि त्याच्या आड धमनीचा ठोका दिसतो. पोस्टमास्तरांचा ठोका पडद्यावर संथपणे उडत होता आणि ड्रिलचं टोक त्याच्या रोखाने निघालं होतं.

मृदुलाला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. तिचं मनगट आपसूक वळलं. चित्र सरकलं, कणा पुन्हा उजवीकडे गेला, आणि चित्रामागोमाग हातही मुकाट्याने सरकून बरोबर माणसाच्या मध्यावर येऊन टेकला. ड्रिल सुरू झालं. पुढचं सगळं नेहमीसारखं पार पडलं. गाठ निघाली. पोस्टमास्तर संध्याकाळी चहा मागत होते.

घरातलं एखादं दार चिकटत असलं की घरची माणसं ते नकळत जरासं उचलून उघडतात. दार बिघडलंय हे कळतं ते पाहुण्याला. हृषीचा हात शेवटच्या काही वर्षांत उजवीकडे ढळायला लागला होता. डोळ्याचं काही असेल, मेंदूला एखादा बारीक झटका येऊन गेला असेल; आता कोण सांगणार? आणि मृदुलाचं मनगट, तिला न विचारता, चित्रच सरकवून त्याला सावरत आलं होतं. वर्गात ती पोरांना सरळ धरायला शिकवत होती आणि टेबलावर स्वतः वाकडी धरत होती. यंत्र शिकलं ते त्या वाकड्या चित्रावर. दोन मिलिमीटरची चूक. ऐसपैस जागा असलेल्या माणसांत ती खपून जात होती; जिथे बोळ होता, तिथे माणूस मरत होता. आणि मरत होता तो दुर्बीण प्रामाणिकपणे सरळ धरणाऱ्याच्या हातून.

हात धुताना इम्तियाज म्हणाला, ‘मॅडम, सरांचा हात...’

‘बोलू नकोस,’ ती म्हणाली. नळ तसाच वाहत राहिला.

घरी आल्यावर तिला हृषीचा संताप आला, इतका की भिंतीवरचा त्याचा फोटो तिने उलटा करून ठेवला. शेवटी शेवटी तो दुसऱ्या कुणाला दुर्बीण धरू देत नसे. ‘मृदुलाशिवाय मला सुचतच नाही,’ असं चारचौघांत सांगायचा. ती ते दागिन्यासारखं मिरवत होती. त्याला ठाऊक होतं का? ठाऊक असताना त्याने पोरीला हात टिपू दिला का? यातलं काहीही विचारायला तो नव्हता. होते ते त्याचे हात, आणि हातांना तोंड नसतं.

रेवा शनिवारी पुण्याहून आली. पानं वाढलेली तशीच राहिली.

‘म्हणजे तू बाबांना सांभाळून घेत होतीस,’ सगळं ऐकून रेवा म्हणाली, ‘आणि मला सांगितलं नाहीस.’

‘मला ठाऊकच नव्हतं गं.’

‘असं कसं ठाऊक नसतं, आई?’

‘शेवटी त्यांना सगळं अळणीच लागायचं. मी आमटीत मीठ जास्त घालायला लागले. कधीपासून ते विचार. नाही सांगता येणार मला.’

रेवा बराच वेळ रडली. मग डोळे पुसून तिने लॅपटॉप उघडला. ‘मी दुरुस्त करते. उजवीकडे जातो ना? तेवढा डावीकडे ढकलते. पुढच्या अपडेटमध्ये सगळीकडे जाईल. कुणाला कळायचं काही कारण नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.’

‘आणि इम्तियाज?’

रेवा टाइप करत राहिली.

दुरुस्ती झाली नाहीच. आठवडाभर रेवाने जंग जंग पछाडलं आणि सुकलेल्या चेहऱ्याने परत आली. बाबांचा हात रोज सारखा ढळत नव्हता; कधी कमी, कधी जास्त. आईचं मनगटही त्या त्या दिवशी तेवढंच वळत होतं. ‘यंत्र बाबांचा हात शिकलंच नाही, आई. तुम्हा दोघांचा मिळून शिकलंय. आता त्यातून बाबा वेगळे काढता येत नाहीत.’

मग रेवा एकदम सावरून बसली. तिच्या डोळ्यांत हृषीची ती हट्टी चमक होती.

‘तर मग तुझं मनगटही टिपू! दुर्बीणसुद्धा यंत्राकडेच देऊ. कायदा बदलून घेता येईल. तुम्ही दोघं, बरोबर, सगळीकडे. कायमचे.’

खोटं कशाला सांगा, मृदुलाचं मन क्षणभर लोभावलं. आपण गेल्यावरही आपली दोघांची कुठेतरी, कुणाच्या तरी नाकपुड्यांत, खेटून उभं राहायची सोय होईल. मग ती म्हणाली, ‘आणि माझंही मनगट चुकत असलं तर? मला कोण सावरून घेतंय, हे मला तरी कुठे ठाऊक आहे? एस्तेर असेल.’

‘आई, एवढं काय...’

‘आणि हे सगळं होईपर्यंत?’

‘तोपर्यंत चालू राहील. हजारात एखादं...’ रेवाला स्वतःचेच शब्द ऐकू आले. ती थांबली.

‘बंद कर ते,’ मृदुला म्हणाली.

‘माझ्या एकटीच्या हातात नाही. कंपनी पुरावा मागेल. तू विद्यार्थ्याला वाचवायला बोलतेस म्हणतील. नाहीतर नवरा गेल्यापासून डोकं फिरलंय म्हणतील.’ रेवा तिच्याकडे बघत होती. ‘आणि सिद्ध झालं तर बाबांचं काय राहील? चौकातली पाटी उतरवतील, आई. तुझंही रजिस्ट्रेशन जाईल.’

मृदुलाला पाटीचं फारसं दुःख नव्हतं. तिच्यावर नाव नीट लिहिलंही नव्हतं. रजिस्ट्रेशन आज ना उद्या सोडायचंच होतं. तिला हवा होता तो रोज सकाळचा हात. तो बंद झाला की हृषी खरोखर मरणार होता, आणि ते तिलाच करायचं होतं. दोन दिवस ती ‘आजारी आहे’ सांगून घरी पडून राहिली. बार्शीचा तो माणूस इम्तियाजच्या दारात बसलेला तिने पाहिला नव्हता, तरी सारखा दिसत होता. तिसऱ्या दिवशी तिने चौकशी समितीला फोन केला.

समितीचे अध्यक्ष डॉ. तांबवेकर हृषीचे वर्गमित्र. त्यांनी मिरजेलाच यायचं कबूल केलं. बार्शीच्या त्या बाईच्या स्कॅनवरून तिच्या नाकाची आणि कवटीच्या तळाची हुबेहूब प्रतिकृती छापून आणली होती. धमन्यांच्या जागी मऊ नळ्या, त्यांत पंपाने दाब देऊन लाल पाणी खेळवलेलं. रेवा यंत्राच्या बटणांशी बसली. कंपनीचे वकील भिंतीला टेकून उभे होते. इम्तियाज कोपऱ्यात. तो दुर्बीण धरतो म्हणाला होता, पण वकिलांनी हरकत घेतली: हात थरथरण्याचा आरोप ज्याच्यावर, त्याच्याच हाताने पुरावा कसा काढणार?

‘मीच धरणार,’ मृदुला म्हणाली.

पहिल्यांदा तिने नेहमीसारखी धरली. मनगटाला हवं तसं वळू दिलं. हात उतरला, थबकला, हाड घासलं, ग्रंथीवरचं आवरण उघडलं, रबराची गाठ लोण्यासारखी बाहेर काढली.

‘वा!’ तांबवेकरांच्या तोंडून निघून गेलं. ‘हा आमचा हृषीच.’ वकील हसले.

प्रतिकृतीचं आतलं हाड बदलून नवं बसवलं. ‘आता सरळ धरते,’ मृदुला म्हणाली. ‘कणा मध्यावर आहे, सगळ्यांनी बघून घ्या.’ सगळ्यांनी बघितलं.

हात खाली आला. थबकला. उजवीकडे उतरला.

तिचं मनगट वळायला लागलं. तिने डाव्या हाताने ते धरून ठेवलं. तिला सगळं दिसत होतं: ड्रिलचं टोक, पापुद्र्यासारखं हाड, त्यामागचा पंपाचा ठोका. सगळं अंग ओरडून सांगत होतं, सरकव, जरासं सरकव, तो पडतोय. इतकी वर्षं त्याला एकदाही पडू दिलं नव्हतं. तिने दात आवळले आणि दुर्बीण सरळ ठेवली. हाड गेलं. मागोमाग टोक आत गेलं. पडदा एका क्षणात लाल झाला.

इम्तियाजने तोंड भिंतीकडे केलं. लाल पाणी प्रतिकृतीच्या नाकपुडीतून गळत टेबलावरून खाली थेंब थेंब पडायला लागलं.

हात मात्र गडबडला नाही. रक्त आलं की हृषी हत्यार जरासं मागे घ्यायचा आणि निश्चल राहायचा. बोलायचा नाही. मृदुला भिंग धुणार, सक्शनने रक्त ओढणार, त्याला चित्र दाखवणार, मग तो पुढे जाणार, हे ठरलेलं होतं. हातही जरासा मागे सरला आणि थांबला. लाल पडद्यासमोर, हत्यार तोलून, वाट बघत.

मृदुलाचा पाय भिंग धुवायच्या पेडलवर गेलेला होता. तिने तो उचलून खाली फरशीवर ठेवला.

‘पुरे, मृदुला,’ तांबवेकर म्हणाले.

रेवाचं बोट बटणावर होतं, पण ती आईकडे बघत होती. हात अजून थांबलेलाच होता. इतका वेळ मृदुलाने त्याला कधी ताटकळत ठेवलं नव्हतं.

‘रेवा,’ ती म्हणाली, ‘बंद कर.’